आपल्या सातपूरची गाडी : महिंद्राचा इतिहास आणि मालकांची मतं

त्र्यंबकरोड (धागा सुरू)

बोलेरो आता घ्यावी का, स्कॉर्पिओ क्लासिकला अर्थ उरलाय का, थार रोज कामावर न्यायला जमेल का, असे प्रश्न इथे सारखे येतात आणि दोन ओळींच्या उत्तरांवर विषय संपतो. नाशिकमध्ये राहून या कंपनीबद्दल इतकं त्रोटक बोलणं मला पटत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरातलं कुणी ना कुणी महिंद्राच्या सातपूर कारखान्याच्या गेटमधून कामाला गेलंय, नाहीतर अंबडला बसून तिथले पार्ट बनवलेत. म्हणून हा धागा. इतिहास मी मांडतो, अनुभव तुम्ही लिहा.

कंपनीची सुरुवात गाड्यांनी झाली नाही. २ ऑक्टोबर १९४५ ला कैलासचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच काळात अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली. महायुद्धात नाव कमावलेली ही गाडी. रस्ते नसलेल्या देशाला ती लागणारच होती. वनखातं, पोलीस, पाटबंधारे, लष्कर, सगळीकडे जीप गेली.

त्या जीपचं आयुष्य किती लांबलं बघा. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ ला बंद झालं. आपल्याकडे त्याच वंशातली गाडी 'मेजर' या नावाने २०१० पर्यंत बनत होती. एकच आराखडा इतकी वर्षं चालवणं ही चिकाटी म्हणा किंवा सुस्ती म्हणा, मला त्यात दोन्ही दिसतं. परमिट-कोट्याच्या काळात नवीन गाडी काढायची गरजच पडत नव्हती, हेही खरं.

नाशिक या गोष्टीत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला येतं. सातपूरला वाहनांचा कारखाना, इगतपुरीला इंजिनाचा. इगतपुरीत फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन बनायला लागलं आणि जीप पेट्रोलकडून डिझेलकडे झुकली. हा बदल पुस्तकात एका ओळीत संपतो, पण गावोगावच्या प्रवासी वाहतुकीचं गणितच त्याने बदललं. पेट्रोलच्या जीपमध्ये भाडं मारून चार पैसे उरणं अवघड होतं, डिझेलवर ते शक्य झालं. पुढे कमांडर, मार्शल, १९९३ ला आर्माडा, २००० ला बोलेरो.

आणि २० जून २००२ ला स्कॉर्पिओ. डेट्रॉईटमधली जनरल मोटर्समधली नोकरी सोडून पवन गोएंका १९९३ मध्ये थेट नाशिकला आले होते, संशोधन विभागात. स्कॉर्पिओवर काम करणारे सव्वाशेच्या आसपास इंजिनिअर, सरासरी वय २७, आणि खर्च साडेपाचशे कोटींच्या घरात. जगातल्या मोठ्या कंपन्या एका नव्या गाडीवर जेवढा पैसा घालायचे त्याच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती. दुसऱ्याच्या आराखड्यावर जगणाऱ्या कंपनीने स्वतःची गाडी काढली आणि ती आपल्या गावात काढली.

माझं मत आताच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. ज्या गिऱ्हाइकाने ही कंपनी जगवली तो जीपवाला, बोलेरोवाला, पिकअपवाला. चांगल्या रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला नवीन सगळं आधी मिळतं, याला मात्र सगळ्यात शेवटी. हे बदलायला हवं.

बॉडीशॉप_निवृत्त

छान लिहिलंत. मी सातपूरला बॉडी शॉपमध्ये आयुष्य काढलं, त्यामुळे दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, फोर्ड. नवीन पिढीला हे माहीतच नाही की फोर्ड एस्कॉर्ट नाशिकला बनायची. १९९५ च्या आसपास महिंद्रा-फोर्ड अशी भागीदारी झाली, १९९६ ला एस्कॉर्ट आली आणि चेन्नईजवळ फोर्डचा स्वतःचा कारखाना उभा राहीपर्यंत ती आपल्याच आवारात तयार होत होती. आम्ही तोवर जीपची बॉडी वेल्ड करणारी माणसं. जीपला दरवाजाची फट थोडी कमीजास्त झाली तर कुणी विचारत नसे, ताडपत्री लावली की झालं. कारला ते चालत नाही. दरवाजा आणि पिलर यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी, हाताला पत्र्याची लाट लागता कामा नये. ते शिकताना आम्हाला घाम फुटला, पण शिकलो. एस्कॉर्ट बाजारात फार चालली नाही. मात्र तिच्या लाइनवर तयार झालेले हात पुढे स्कॉर्पिओला उपयोगी पडले, हे मी स्वतः बघितलंय.

दुसरी गोष्ट लोगानची. २००५ ला रेनॉसोबत करार, महिंद्राचे ५१ टक्के, त्यांचे ४९. २००७ ला लोगान नाशिकहून बाहेर पडली. कमी खर्चात गाडी कशी आखायची याचा तो उत्तम धडा होता. डाव्या-उजव्या बाजूला एकच आरसा बसेल अशी रचना, सपाट काचा, कमीत कमी वळणं. आम्हाला बनवायला ती सरळ गाडी. दिसायला साधी म्हणून लोकांनी नाकं मुरडली. २०१० ला रेनॉ बाहेर पडली आणि तीच गाडी पुढे 'व्हेरिटो' झाली.

सांगायचं एवढंच की स्कॉर्पिओ एकदम आकाशातून पडली नाही. तिच्या आधी आर्माडा होती, एस्कॉर्ट होती, आणि पहिली शिफ्ट गाठायला पहाटे सायकलवर पंचवटीतून, सिडकोतून निघणारी माणसं होती.

मुंबईनाका

काका, लोगानचा उल्लेख केलात, बरं वाटलं. आमच्याकडे डिझेल लोगान होती. ५१० लिटरची डिकी, मागे तीन धडधाकट माणसं आरामात, आणि कसारा घाटात एसी लावूनही इंजिन कुरकुरत नसे. रस्त्यावरचे खड्डे ती गाडी कशी गिळायची ते आठवलं की आजच्या महागड्या सेडानचं नवल वाटत नाही. टॅक्सीवाल्यांनी तिची किंमत ओळखली, घरगुती गिऱ्हाइकाने नाही.

निफाडकर

राम राम मंडळी. इतिहास वाचून आनंद झाला. मी शेतकरी माणूस, माझ्याकडे पिकअप आणि बोलेरो दोन्ही आहेत, म्हणून वापरातलं सांगतो.

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगावला क्रेट घेऊन जायचं म्हणजे आधी शेतातून डांबरीपर्यंतचा रस्ता. पाऊस झाला की काळी माती चाकाला गुंडाळते. तिथून गाडी निघणं आणि बाजार समितीत लिलावाच्या वेळेला पोचणं, यावर आमचा दिवसाचा भाव ठरतो. अर्धा तास उशीर झाला की भाव पडलेला असू शकतो. या कामाला पिकअपसारखी गाडी नाही. मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) माल पेलतात, गिअर कमी वेगात जास्त ताकद देणारे आहेत, आणि बिघाड झाला तर निफाडपासून चांदवडपर्यंत कुठल्याही फाट्यावरचा मिस्त्री हात लावतो. स्पेअर पार्टसाठी नाशिकलाही जावं लागत नाही.

बोलेरोचं तसंच. पाहुणे म्हणतात मागच्या सीटवर आदळतं. आदळणारच, मागे पाटे आहेत आणि पाटे रिकाम्या गाडीला ताठच राहतात. चार माणसं मागे बसली, डिकीत दोन पोती टाकली की तीच गाडी मऊ चालते. ती तशा वापरासाठीच आखलेली आहे. एकट्याने कॉलेज रोडवर फिरवायला कुणी घेत असेल तर त्याने दुसरी गाडी बघावी.

जुन्या अडीच लिटरच्या इंजिनाबद्दल मात्र बोललं पाहिजे. ते डीआय इंजिन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) खालच्या फेऱ्यांत ओढायचं. आताच्या बोलेरोत दीड लिटरचं तीन सिलिंडरचं आहे, ७५ हॉर्सपॉवरचं. ॲव्हरेज चांगलं देतं, आवाज कमी आहे. पण भरलेली गाडी सप्तशृंगी गडाच्या चढाला लावली की जुन्या इंजिनाची आठवण येते.

जव्हारफाटा

निफाडकर दादांशी सहमत, आणि इंजिनाबद्दल एक भर. ते डीआय कुटुंब ट्रॅक्टरच्या वळणाचं. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टर काढले, त्यातलं डिझेल इंजिन पुढे जीपमध्येही आलं, आणि मग मोठं होत होत २५२३ सीसीचं डीआय झालं. म्हणून ते कमी फेऱ्यांत ओढतं आणि वर गेलं की दम सोडतं. प्यूजोचं इंजिन त्याउलट, शांत आणि गुळगुळीत, पण चिखलात क्लच जास्त खायला लावणारं. एमएम ५४० या जीपमध्ये २११२ सीसीचं प्यूजो होतं. जुने चालवणारे अजून दोन गटांत आहेत, प्यूजोवाले आणि डीआयवाले.

माझ्याकडे नवीन थार आहे, डिझेल, फोर बाय फोर. २ ऑक्टोबर २०२० ला ती बाजारात आली. पहिली थार लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली आणि ते पैसे कोविडच्या मदतीला दिले गेले. नाशिकहून हरसूलमार्गे जव्हारला, पेठवरून सुरगाण्याकडे, पावसाळ्यात या भागात जे ओढे रस्त्यावर येतात तिथे लो गिअरची किंमत कळते. फोर बाय फोर असणं आणि ते वापरता येणं यात फरक आहे. इगतपुरीला महिंद्राचीच ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, नवीन थार घेणाऱ्याने तिथे जाऊन यावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे. ब्रेक न दाबता इंजिनावर उतार कसा उतरायचा, चाक रुतलं की ॲक्सिलरेटर का दाबायचा नाही, हे वाचून येत नाही.

रोज कामावर न्यायला जमेल का, या प्रश्नाचं उत्तर: तीन दारांची थार एकट्या-दुकट्याला जमते. घरात म्हातारी माणसं असतील तर मागे चढणं त्यांना त्रासाचं. पाच दारांची थार रॉक्स आल्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, हा प्रश्न बराचसा सुटला आहे.

गोदाकाठ

मी परिचारिका आहे, बरीच वर्षं अपघात विभागात काम केलंय. धागाकर्त्यांच्या शेवटच्या परिच्छेदावर लिहायला आले.

इथे नेहमी ऐकू येतं, "महिंद्राचा पत्रा जाड आहे, काही होत नाही." सुरक्षितता पत्र्याच्या जाडीवर ठरत नाही. धडक होते तेव्हा गाडीचा वेग क्षणात शून्यावर येतो. तो झटका कुणीतरी घ्यायचा असतो. गाडीचा पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळला आणि माणसं बसलेला भाग शाबूत राहिला तर झटका पत्रा घेतो. पुढचा भाग ताठ राहिला तर तो माणसाच्या छातीत, मानेत, मांडीच्या हाडात जातो. गाडीला फारसं लागलेलं नाही आणि आतल्या माणसाची बरगडी फुप्फुसात, असे पेशंट मी पाहिलेत.

आता आकडे बघा. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या धडकवून बघते आणि सुरक्षिततेला पाचपैकी तारे देते. तिने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ तपासली, शून्य तारे. जानेवारी २०२० मध्ये एक्सयूव्ही ३०० ला पाच तारे मिळाले, आणि ती गाडी आपल्या सातपूरलाच बनत होती. २०२० मध्येच नवीन थारला चार. २०२१ ला एक्सयूव्ही ७०० ला पाच, २०२२ च्या शेवटी स्कॉर्पिओ-एनला पाच. कंपनीने किती मोठी मजल मारली हे यातून दिसतं आणि तिचं मी मनापासून कौतुक करते. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये बोलेरो निओ (बोलेरोच्या नावाची, पण वेगळी गाडी) तपासली गेली. एक तारा. दोन एअरबॅग असूनही एक, कारण मूळ ढाचाच अस्थिर ठरला.

बोलेरो नावाची गाडी कोण घेतं? सरपंच, दुधवाला, आश्रमशाळा, आरोग्य केंद्र, लग्नाचं वऱ्हाड. आणि मागच्या आडव्या बाकांवर कोण बसतं? मुलं. समोर तोंड करून नाही, एकमेकांकडे तोंड करून. धडकेत शरीर आडवं फेकलं जातं. जुन्या कमांडरच्या काळापासून काळी-पिवळीत अशीच माणसं बसत आलीत. सुरगाण्याच्या, पेठच्या रस्त्यांवरून आलेल्या अशा जखमा मी खूप पाहिल्या.

त्र्यंबकरोड

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मला जे अर्धवट म्हणता आलं होतं ते पूर्ण झालं.

यात एक सबब नेहमी दिली जाते, तिला आताच उत्तर देतो. "चेसिसवरची, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेली गाडी आहे, तिला तारे कसे मिळणार?" स्कॉर्पिओ-एन चेसिसवरचीच आहे, पाच तारे. थार चेसिसवरची, चार. मराझो चेसिसवरची, २०१८ मध्ये चार. म्हणजे चेसिस ठेवून सुरक्षित गाडी बनवण्याची विद्या कंपनीकडे पक्की आहे. थार आणि मराझो तर नाशिकच्याच. ज्या लोकांनी हे करून दाखवलं त्यांच्याकडूनच ही अपेक्षा करतोय.

दुसरी सबब किमतीची. खेड्यातलं गिऱ्हाईक पन्नास हजार जास्त देणार नाही म्हणतात. निफाडकर दादा, तुम्हीच सांगा.

निफाडकर

देणार. तीन एकर द्राक्षबागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालायला आम्ही किती पैसे घालतो हे शहरातल्या माणसाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. घालतो, कारण अवकाळी आणि गारपीट काय करते ते डोळ्यांनी पाहिलंय. गाडीच्या बाबतीत कुणी आम्हाला समजावूनच सांगितलेलं नाही. शोरूममध्ये गेलो की ॲव्हरेज सांगतात, हप्ता सांगतात, सोबत सीट कव्हर देतात. किती तारे आहेत हे आजवर एकाही विक्रेत्याने स्वतःहून सांगितलं नाही.

ताईंनी आडव्या बाकांचं लिहिलं ते वाचून काल रात्री झोप लागली नाही. आमची पोरं तिथेच बसतात.

अंबड_फॅब्रिकेशन

वेगळी बाजू मांडतो. अंबडला माझं छोटं युनिट आहे, प्रेस पार्ट आणि फिक्स्चर. थेट कंपनीला नाही, मधल्या व्हेंडरला माल देतो.

नाशिकचा औद्योगिक पट्टा कसा उभा राहिला हे लोक विसरतात. सातपूरला मायको आली, म्हणजे आताची बॉश, तिथे डिझेलची नोझल आणि इंजेक्टर. मायको सर्कलचं नाव तिथलंच. सिएटचा टायरचा कारखाना सातपूरलाच. त्यात महिंद्रा. म्हणजे डिझेल गाडीला जे लागतं त्यातलं बरंचसं एकाच परिसरात तयार होणारं. त्यामुळे इथे टूलरूम वाढली, आयटीआयची मुलं इथेच राहिली, मायक्रॉनमध्ये बोलणारे टर्नर-फिटर तयार झाले. गाडीचं मॉडेल यशस्वी होतं तेव्हा त्याची पहिली खबर आम्हाला शेड्यूलच्या, म्हणजे मालाच्या मागणीच्या कागदावर मिळते, पेपरात नंतर येते.

याची दुसरी बाजू म्हणजे अवलंबून राहणं. २०१९ ला देशभर वाहन उद्योग थंडावला तेव्हा अंबडमध्ये दुपारी मशीनचा आवाज येत नव्हता. आणि आता वीजगाड्यांचं. बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई नोव्हेंबर २०२४ ला आल्या, त्या चाकणच्या. एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन, त्याही चाकणच्या. नाशिककडे थार आहे, रॉक्स आहे, बोलेरो आहे, ३एक्सओ (एक्सयूव्ही ३०० चंच पुढचं रूप) आहे, त्यामुळे आज काम भरपूर आहे. पण नोझल, इंजेक्टर, सायलेन्सर, रेडिएटर यांवर जगणाऱ्या युनिटांनी पुढच्या दहा वर्षांचा विचार आत्ताच करायला हवा. मी बॅटरीच्या ट्रेचं काम शिकायला सुरुवात केली आहे. पत्रा तिथेही लागतो.

ताऱ्यांबद्दल: जास्त मजबुतीचं पोलाद दाबायला वेगळ्या टनेजचे प्रेस आणि वेगळे डाय लागतात, स्प्रिंगबॅक (दाबलेला पत्रा परत उसळणं) जास्त येतो, स्पॉट वेल्डिंगची सेटिंग बदलते. हे सगळं आम्ही एक्सयूव्ही ३०० च्या वेळी शिकलो. बोलेरोसाठी उद्या शेड्यूल आलं तर अंबड तयार आहे.

मराझोवाली

मराझोचं नाव निघालं म्हणून लिहिते. ३ सप्टेंबर २०१८ ला ती नाशिकमध्येच सादर झाली. मुंबई-दिल्ली सोडून इथे. आम्ही पुढच्या वर्षी घेतली.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना स्कॉर्पिओत चढता येत नाही आणि कारमध्ये खाली वाकून बसता येत नाही. मराझोच्या सीटची उंची नेमकी मधली. शेगावला, तुळजापूरला सात माणसं नेली, तिसऱ्या रांगेतलं कुणी उलटी होते म्हणालं नाही. छतातून येणारा एसी मागच्यांनाही पुरतो. चेसिसवरची असून इंजिन पुढची चाकं फिरवतं, अशी रचना दुसऱ्या कुठल्या गाडीत मी ऐकलेली नाही. हमरस्त्यावर इतकी स्थिर आणि शांत गाडी महिंद्राने त्याआधी बनवली नव्हती असं माझं ठाम मत आहे.

लोकांनी ती घेतली नाही. महिंद्रा म्हटलं की उंच, दणकट, बोनेट दिसणारी गाडीच हवी असते. आपण गिऱ्हाईकही कंपनीला एकाच साच्यात बघतो. म्हणून मला वाटतं, सगळी जबाबदारी कंपनीवर टाकू नये.

त्र्यंबकरोड

मराझोबद्दल पूर्ण सहमत, पण बोलेरोच्या बाबतीत गिऱ्हाइकावर जबाबदारी टाकायला मी तयार नाही. ज्याला माहितीच दिली जात नाही तो निवडणार कसा? चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची जानेवारी २०२२ पासून. जुन्या मॉडेलमध्ये या गोष्टी कायद्याने आल्या. भारत एनकॅप ही आपल्या देशातली तशीच चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, पण त्यात गाडी पाठवणं कंपनीच्या मर्जीवर. थार रॉक्स, ३एक्सओ आणि एक्सयूव्ही ४०० पाठवल्या, तिन्हींना पाच तारे मिळाले. आता सातपूरहून बोलेरो पाठवावी. निकाल जो येईल तो शोरूमच्या काचेवर लावावा. माझी मागणी एवढीच आहे.

दिंडोरी_नवा

नमस्कार. धागा पहिल्यापासून वाचला. वडील मुख्याध्यापक होते, आता निवृत्त. त्यांना दिंडोरीहून नाशिक आणि आठवड्यातून एकदा शेतावर जायला गाडी हवी. वापरलेली २०१७ ची बोलेरो आणि तशीच २०१८ ची स्कॉर्पिओ बघितली आहे. नवीन ३एक्सओ पण बजेटमध्ये बसते. घरात आई, वडील, मी, बायको आणि दोन लहान मुलं. काय करू?

जव्हारफाटा

शेतापर्यंत रस्ता कसा आहे? मुरूम टाकलेला असेल तर ३एक्सओ जाते, तेवढी उंची तिला आहे. काळ्या मातीतून जायचं असेल तर पावसाळ्यात बोलेरोही अडकते, कारण ती फोर बाय फोर नाही, मागच्या चाकांवरच चालते. म्हणजे वर्षातले ते दोन-तीन महिने गाडी बांधावर लावून चालतच जावं लागणार. मग उरलेल्या महिन्यांचा विचार करून घ्या.

डिझेल घेणार असाल आणि रोजचा वापर चार-पाच किलोमीटरचाच असेल तर बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) गाडीत काजळीचा फिल्टर तुंबतो. त्याला मधूनमधून हमरस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवावं लागतं. दिंडोरी-नाशिक अंतर त्याला पुरेसं आहे.

गोदाकाठ

दोन लहान मुलं आहेत, म्हणून माझं उत्तर सरळ: ३एक्सओ. मुलांच्या सीट मागच्या रांगेत बांधायच्या, मांडीवर घेऊन बसायचं नाही, आजीच्याही नाही. मागच्यांनीही बेल्ट लावायचा. सहा जण पाच सीटच्या गाडीत जाणार नाहीत हे खरं, पण सगळे एकाच वेळी किती वेळा जाता ते मोजा. त्या दिवसांपुरती दुसरी गाडी सांगा.

निफाडकर

ताई म्हणतात ते पोरांसाठी बरोबर आहे. तरी वडिलांचा जीव बोलेरोवरच असेल आणि तीच घ्यायची ठरली, तर बघताना या गोष्टी सोडू नको. मागच्या पाट्यांपैकी एखादा तुटलेला किंवा वरून जादा घातलेला दिसला तर गाडीने माल वाहिला आहे, मग मीटर काहीही सांगो. गाडीखाली झोपून चेसिसचे जोड बघ, नवीन काळा रंग मारलेला असेल तर खालचा गंज टोकरून बघ. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघ. स्टिअरिंगला मोकळी चाल किती आहे ते गाडी उभी असताना कळतं. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दाबून बघ, क्लच सुटत असेल तर वास येतो. आडवे बाक असतील तर काढून टाक, तिथे सामान ठेव. आणि बघायला जाताना मालकाला आधी वेळ सांगू नकोस, सांगितलीच तर सकाळी लवकरची सांग. इंजिन थंड असताना पहिलं सेल्फ तूच मार. बोनेटला हात लावलास आणि ते गरम लागलं तर तिथेच चहा घे, गार होईपर्यंत थांब, मग चावी फिरव.